काटा

भंगाराचे ट्रक दिवसभर माझ्या काट्यावर चढतात,
पावती घेतात, उतरतात.
शंभर टनांचा काटा, वीस किलोंची पायरी.
त्याखालचं जे काही असेल
ते आमच्या जालन्यात कुणी मोजत नाही.

घरी मात्र ग्रॅमचा काटा, साबुदाणा तोलायचा.
त्यावर परवा सॅडल ठेवलं : एकशे अठ्ठ्याऐंशी.
जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या,
"हे कामून गं? शिजतं का हे?"

फ्रेमवर तीन महिने अडले.
मी पोलादाच्या गावची. रोज बघते,
गंजल्या खाटा, एसटीचे पत्रे,
कुठल्या तरी शाळेचं गेट, अजून नाव शाबूत,
सगळं भट्टीकडे निघालेलं, सळई होऊन परतणारं.
पोलाद वाकतं, सरळ होतं, पुन्हा जन्माला येतं.
कार्बन तडकला की तडकला.
हे सगळं वहीत दोन रकाने पाडून लिहिलं
आणि कार्बन मागवला.
दिवसभर पोलाद बघणाऱ्या बाईला
घरी गेल्यावर तेच बघायचं नसतं, एवढंच.

बाकीचं ठरवलं लतीफभाईनं आणि रस्त्यांनी.
कादराबादच्या गल्लीत त्याचं दुकान,
पुढे शाळेच्या पोरांच्या सायकली उलट्या टांगलेल्या.
चाक फिरवून तो एकेक स्पोक नखानं छेडतो,
डोळे मिटून, भाव करतोय असं वाटावं.
मी साठ मिलिमीटर खोलीच्या रिमचं चित्र दाखवलं.
"नक्को ताई. अंबडच्या रोडवर वारा बाजूनं येतो,
तुमच्यासकट ज्वारीत नेऊन टाकेल."
म्हणून पस्तीस.
बॉटम ब्रॅकेट आट्यांचाच,
दाबून बसवलेला आपल्या धुळीत कुरकुरतो,
आणि कुरकुर ऐकायला मला ऑफिस आहे.

गिअर तारेचे. बॅटरीचे महिनोन्महिने चालतात, ठाऊक आहे.
पण दर मंगळवारी लाईट जाणाऱ्या गावात
बोटाला ताण लागलेला बरा वाटतो.
माणसाला बत्तीस दात,
राजूरच्या चढाला पुढे चौतीस, मागे चौतीस.
लतीफभाई हसला : "इतने में तो म्हैस भी चढेगी."
मी हसले नाही. मी तो चढ
भाड्याच्या सायकलवर पायी चढलेय.

टायरचं बाभळीनं ठरवलं.
घाणेवाडीच्या तळ्याकडे वळलं की
एप्रिलात काटे धुळीच्या रंगाचे होतात,
दिसत नाहीत, बोलतातच थेट.
तीस मिलिमीटर, ट्यूबलेस, आत पांढरं दूध,
भोक पडलं की आपणच साकळणारं.
असं काही माणसात भरता आलं असतं तर,
असं मनात आलं. मग बिल आलं.

बहिणीला निम्मीच किंमत सांगितली.
तीही ऐकून ती फोनवर गप्प झाली,
मग म्हणाली, "यात स्कूटी आली असती."
आली असती.

चौदा महिन्यांचा ओव्हरटाइम जोडून झाला.
सात किलो नऊशे ग्रॅम, पेडलसकट, बाटलीविना.
रविवारी पहाटे मिलमध्ये ट्रक नव्हते.
मी सायकल काट्याच्या मधोमध उभी केली,
हँडल केरबाच्या हाती न देता
दोन वीट लावून, आणि बाजूला झाले.
केबिनमधून केरबा ओरडला,
"म्याडम, चढवली का?"
"चढवली."
"इथं तर शून्य आहे."

मग मी एकटी उभी राहिले : ऐंशी.
मी त्र्याहत्तर, काट्याला तेवढी फिकीर नाही.
मग सायकल उचलून खांद्यावर घेतली.
केरबानं काचेवर बोट टेकवून
आकडा नीट वाचला, पुन्हा वाचला :
"ऐंशीच."

पावती छापली. ती सॅडलखालच्या पिशवीत आहे,
टायर लिव्हर आणि चिकटपट्टीच्या मध्ये.
गाडी क्रमांकाच्या जागी केरबानं
स्वतःच्या मनानं लिहिलंय : रिकामी.

फाटक त्यानंच उघडलं.
चंदनझिऱ्याच्या बाजूनं वारा होता,
बाजूनंच.